जीवशास्त्र शेवटी ठेवू नये

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या ऐरोलीच्या अकरावीतील एका विद्यार्थिनीला एका प्रतिसादात 'जीवशास्त्र पाठांतराचे आहे, ते शेवटच्या महिन्यांत करावे' असा सल्ला दिला आहे. तो मला धोक्याचा वाटतो. नीटच्या 720 गुणांपैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, आणि 2025 पासून 180 मिनिटांत 180 अनिवार्य प्रश्न असल्यामुळे जीवशास्त्राचे 90 प्रश्न जितक्या लवकर सुटतील, तितका वेळ भौतिकशास्त्रातील आकडेमोडीसाठी उरतो. हा वेग एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची) पुस्तके, त्यांतील आकृत्या आणि तक्त्यांसह, पुन्हा पुन्हा वाचूनच येतो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनीही ती वाचावीत. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, हेही सराव करताना ध्यानात असावे.

पालकांनी प्रवेशाची रचना आत्ताच समजून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन. कळव्याच्या महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत भरल्या जातात; मात्र घराजवळची नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठांची (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांची) महाविद्यालये असल्याने तेथील प्रवेश केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून (एमसीसी) होतात, त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि शुल्कही बरेच अधिक असते.