मराठवाड्याच्या पॅकेजचा हिशेब सभागृहात कोणी आणि कसा मागावा?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

४ ऑक्टोबर २०१६ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत, राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी सुमारे ४९ हजार कोटी रुपयांचे निर्णय जाहीर झाले. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने १६ सप्टेंबर २०२३ रोजी त्याच शहरात पुन्हा बैठक झाली. या वेळी ४५ हजार कोटींहून अधिक रकमेची घोषणा झाली आणि सिंचन प्रकल्पांच्या सुधारित प्रशासकीय मान्यतांचे १४ हजार कोटी त्यात मिळवून आकडा ५९ हजार कोटींपर्यंत नेण्यात आला. हे आकडे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतात. त्यांपैकी प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे मात्र तिथेही कोणी सांगत नाही आणि विधिमंडळातही सलगपणे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे की हे विचारणे हे विरोधी सदस्यांचे पहिले काम आहे, कारण सत्ताधारी बाकांवरील आमदाराला निधीसाठी त्याच मंत्र्याच्या दालनात जावे लागते आणि तो सभागृहात त्याला अडचणीत आणण्याची शक्यता कमी असते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून विधानसभेवर ४६ सदस्य जातात. त्यांतील विरोधकांची संख्या आज फारच कमी आहे. तरीही घोषणांवर टीका करण्यातच त्यांचा वेळ जातो आणि प्रश्नोत्तराच्या तासात तरतूद, वितरण व खर्च हे तीन आकडे वेगवेगळे मागण्याचे कष्ट घेतले जात नाहीत. याविषयी इतरांचे मत वाचायला आवडेल.

बिंदुसरा (बीड)

आपला हेतू योग्य आहे, परंतु प्रश्नोत्तराच्या तासावर आपण टाकलेला विश्वास मला भाबडा वाटतो. तारांकित प्रश्नाची सूचना कितीतरी आधी द्यावी लागते. त्यातही तो यादीत वर आला तरच त्या तासात तोंडी चर्चेला येतो. उरलेल्या प्रश्नांची केवळ छापील उत्तरे मिळतात. छापील उत्तराचा साचा आपल्याला माहीत असेलच. ‘हे खरे आहे काय’ या भागाला ‘अंशतः खरे आहे’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’ या भागाला ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’ या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर आले की मंत्री मोकळे होतात. उपप्रश्नांत आमदाराने फारच जोर लावला, तर बैठक घेण्याचे आश्वासन मिळते. त्या आश्वासनाचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती आहे, पण तिच्यापुढे विषय येईपर्यंत पुढची दोन अधिवेशने उलटलेली असतात.

शिवाय विरोधी पक्षनेताच नाही, त्याचे काय? २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ जागांच्या विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत, हे कारण पुढे करून ते पद रिकामे ठेवले गेले. विधान परिषदेत हे पद आपल्याच छत्रपती संभाजीनगरातील अंबादास दानवे यांच्याकडे होते. त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले. अशा स्थितीत सगळा भार एकेकट्या आमदारावर टाकणे न्याय्य नाही.

मांजराकाठ (लातूर)

मी सरकारची बाजू मांडणार आहे, त्यामुळे थोडा रोष पत्करतो. पॅकेज म्हणजे एका वर्षाचा अर्थसंकल्प नव्हे. नदीजोड किंवा कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचनासारखी कामे भूसंपादन, पर्यावरण मान्यता आणि निविदा या टप्प्यांतून जात दहा-पंधरा वर्षे चालतात. त्यांची संपूर्ण किंमत एका पारड्यात आणि दोन वर्षांचा खर्च दुसऱ्या पारड्यात टाकून ‘फसवणूक झाली’ असे म्हणणे, हा हिशेबच चुकीचा आहे. २०१६ च्या निर्णयांपैकी काही पूर्ण झाले व काही प्रगतिपथावर आहेत, असे सरकारने २०२३ मध्ये सांगितले होते. ते पटत नसेल तर एकेका निर्णयावर बोलावे.

दुसरे म्हणजे, आज प्रश्न विचारणारे काल कोठे बसले होते? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा सत्तेवर महाविकास आघाडी होती. तिने मुदतवाढ दिली नाही. धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याची, आधीच्या सरकारने आखलेली मराठवाडा वॉटर ग्रिड योजनाही त्याच काळात मागे पडली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या आमच्या लातूरला त्या योजनेचे महत्त्व कोणी समजावून सांगायला नको. उत्तरे मागणाऱ्यांनी आपल्या अडीच वर्षांचीही उत्तरे द्यावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ यांनी विकास मंडळाचा विषय काढला हे बरे झाले, कारण त्याने माझ्याच म्हणण्याला बळ मिळते. त्या अनुच्छेदानुसार मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे बंधनकारक होते. मंडळ गेले आणि प्रदेशाच्या अनुशेषावर वर्षातून एकदा तरी सभागृहाच्या पटलावर येणारा तो कागदही गेला. शिंदे सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. त्यानंतर ते मंडळ पुन्हा उभे राहिलेले आपण पाहिले का? कालच्या सरकारने चूक केली म्हणून आजच्या सरकारला प्रश्न विचारायचा नाही, हा न्याय मला मान्य नाही. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली आहे त्यालाच विचारावे लागते.

निवृत्त लेखाधिकारी (परभणी)

नोकरीची बरीच वर्षे कोषागारात व लेखा शाखेत गेल्यामुळे थोडे तांत्रिक लिहितो. येथे चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे पैसा नव्हे. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करण्याची परवानगी, तिच्यातही पैसा नसतो. अर्थसंकल्पातील तरतूद म्हणजे विधानसभेने मंजूर केलेली खर्चाची मर्यादा. पण वित्त विभागाने टप्प्याटप्प्याने वितरण केल्याशिवाय त्यातील रुपयाही खाली येत नाही, आणि वितरित झालेली रक्कम मार्चअखेर खर्ची पडली नाही तर ती समर्पित, म्हणजे परत, करावी लागते. सुधारित प्रशासकीय मान्यतेचे १४ हजार कोटी ५९ हजार कोटींत धरले होते, याचा अर्थ जुन्याच प्रकल्पांची वाढलेली किंमत मराठवाड्याच्या लाभात मोजली गेली. त्यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, परंतु किंमत वाढणे आणि निधी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ताजे उदाहरण अतिवृष्टीचे घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे शेतजमिनी अक्षरशः खरडून गेल्या आणि ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या एका बेरजेत पिकांच्या नुकसानीची मदत आहे, रब्बीसाठी हेक्टरी १० हजार रुपये आहेत, पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीचे १० हजार कोटी आहेत. खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंतची कामे मनरेगातून होणार, असेही जाहीर झाले. शेतकऱ्याच्या खात्यावर थेट येणारे, रस्ता-पुलावर खर्च होणारे आणि मजुरीच्या रूपाने कधी तरी मिळणारे पैसे एकाच आकड्यात बसवले की सरकारला तो आकडा मोठा दाखवता येतो आणि विरोधकांना तो खोटा म्हणता येतो. दोघांचेही काम भागते. आमदाराने यांतील प्रत्येक घटकाचा वेगळा खर्च विचारला, तर मात्र विभागाला बीम्स या निधी-वितरणाच्या संगणकीय प्रणालीतील आकडे काढून द्यावे लागतात, आणि तेथे ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर चालत नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

या प्रदेशाने उद्धवराव पाटील आणि केशवराव धोंडगे यांच्यासारखे विरोधी आमदार विधिमंडळाला दिले आहेत. शेतकरी कामगार पक्षाचे संख्याबळ कधीच फार नव्हते, तरी हे सदस्य उभे राहिले की मंत्र्यांना तयारीने यावे लागे. त्यामुळे पद नाही, संख्या नाही या सबबी मला पटत नाहीत. पायऱ्यांवर फलक धरून छायाचित्र काढून घेणे आणि सभात्याग करणे सोपे असते. कपात सूचनेवर, म्हणजे खात्याच्या मागणीतील रक्कम कमी करण्याच्या प्रस्तावावर, अभ्यास करून बोलणे कठीण असते.

बिंदुसरा (बीड)

थोरांची नावे घेऊन आजच्या आमदाराला कमी लेखण्याची सवय आपण सोडली पाहिजे. त्या काळी अधिवेशने दीर्घ चालत आणि मागण्यांवर विभागवार चर्चा होई. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात तब्बल ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाव्यतिरिक्तच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. त्यांपैकी २६ हजार कोटींहून अधिक रक्कम महिला व बालविकास विभागासाठी, म्हणजे प्रामुख्याने लाडकी बहीण योजनेसाठी होती. अर्थसंकल्प त्याच अधिवेशनात मांडला गेला होता आणि पुरवणी मागण्याही लगोलग आल्या. इतक्या मोठ्या रकमेच्या मागण्या अवघ्या काही दिवसांत मंजूर होत असतील, तर अभ्यास करून बोलायला आमदाराला वेळ कोणता? कपात सूचनांचे म्हणाल, तर परिषदेतील सदस्याला ती सोयच नाही, कारण अनुदानाच्या मागण्यांवर मतदानाचा अधिकार केवळ विधानसभेला आहे.

म्हणून माझा भर समित्यांवर आहे. जलयुक्त शिवार अभियानावर सभागृहात किती वेळा गदारोळ झाला! त्यातून हाती काही लागले नाही. मात्र महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये पटलावर आला आणि ९ हजार ६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही, हे अधिकृतपणे नोंदले गेले. तपासणीसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत आमचा बीडही होता. असे अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद प्रथेने विरोधकांकडे असते. तेथे सचिवांना समोर बसवून विचारता येते आणि दारे बंद असल्यामुळे भाषणबाजीही होत नाही.

मांजराकाठ (लातूर)

आणि त्या अहवालानंतर काय झाले? आघाडी सरकारने चौकशी जाहीर केली, सरकार बदलले आणि २०२३ मध्ये जलयुक्त शिवार २.० सुरू झाले. खर्च होऊन गेल्यावर वर्षानुवर्षांनी येणारा अहवाल म्हणजे वरातीमागून घोडे. मी सरकारच्या बाजूचा असलो तरी एवढे मान्य करतो की खर्च चालू असताना विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी असतो. परंतु तो नेमका असायला हवा. गोदाकाठ, आपण इतरांना उपदेश करता, तर तो प्रश्न स्वतः लिहून दाखवा. आपल्या भागातील एखाद्या आमदाराला पाठवताही येईल.

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मान्य. विधिमंडळाच्याच पद्धतीने मसुदा देतो:

(१) दिनांक १६ सप्टेंबर २०२३ रोजीच्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या कामांची घोषणा करण्यात आली, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, या कामांसाठी सन २०२३-२४ पासून प्रत्येक आर्थिक वर्षात लेखाशीर्षनिहाय किती तरतूद केली, किती निधी वितरित केला व किती खर्च झाला;
(३) यांपैकी कोणत्या कामांना घोषणेपूर्वीच प्रशासकीय मान्यता मिळालेली होती;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

निवृत्त लेखाधिकारी (परभणी)

तिसरा भाग उत्तम आहे, तो तसाच ठेवा. दुसऱ्या भागात मात्र विभागाला पळवाट मिळते. लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातील खर्चाचे सदर, कामाच्या प्रकारावरून ठरते, प्रदेशावरून नाही. त्यामुळे ‘लेखाशीर्षनिहाय’ विचारलेत तर संपूर्ण राज्याचा आकडा हाती ठेवतील आणि उत्तर नियमाला धरूनही असेल. सिंचनाचा निधी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे जातो, आणि त्या महामंडळाच्या कार्यक्षेत्रात नाशिक व अहिल्यानगरकडील ऊर्ध्व गोदावरीचा भागही येतो, तेव्हा महामंडळाची एकूण रक्कम म्हणजेही मराठवाड्याची रक्कम नव्हे. म्हणून तेथे ‘प्रकल्पनिहाय व जिल्हानिहाय’ असे लिहा. आणि एकाच प्रश्नात सगळे विभाग कोंबू नका. जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम आणि कृषी यांना तीन वेगळे प्रश्न द्या, अन्यथा ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर येईल. मांजराकाठ यांचा आक्षेप लक्षात घेऊन २०१६ च्या निर्णयांवरचा चौथा प्रश्नही जोडा आणि त्यात २०१९-२० ते २०२१-२२ ही वर्षे स्वतंत्र रकान्यात मागा.