टाइमशेअरचा आठवडा विकायचा आहे; ग्राहक मिळवून देणारे आधी पैसे मागत आहेत

प्रश्न

नमस्कार. माझ्या आई-वडिलांनी अठरा वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये टाइमशेअरचा आठवडा, म्हणजे दरवर्षी तेथे एक आठवडा राहण्याचा हक्क, विकत घेतला होता. दरवर्षी २९ क्रमांकाचा, म्हणजे जुलैच्या मध्याचा, ठरलेला आठवडा, दोन शयनगृहांचे ठरलेले घर, आणि करार कायमस्वरूपी, असे त्याचे स्वरूप आहे. पहिली दहा-बारा वर्षे आम्ही सर्वांनी त्याचा मनापासून उपभोग घेतला, त्यामुळे तो घेणेच चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी वडील गेले, आईला आता प्रवास झेपत नाही, आणि वार्षिक देखभाल शुल्क मात्र थोडे थोडे वाढत सुरुवातीच्या दुपटीपलीकडे गेले आहे. गेली दोन वर्षे घर रिकामे राहिले आणि शुल्क आम्ही भरत राहिलो.

मागील आठवड्यात फेरविक्रीचे काम करणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. आमचा आठवडा, घराचा क्रमांक, खरेदीचे वर्ष, सारे त्यांना ठाऊक होते. ग्राहक तयार असून मूळ किमतीच्या सव्वापट रक्कम द्यायला तो राजी आहे, फक्त हस्तांतरणाचा कर आणि नोंदणीखर्च आम्ही आधी भरावा, व्यवहार पूर्ण होताच ती रक्कम परत मिळेल, असे त्यांनी सांगितले. सही-शिक्क्याचे करारपत्रही ईमेलने आले आहे. आई म्हणते, सुटका होत असेल तर भरून टाकू. माझे मन मात्र धजावत नाही.

धाकट्या बहिणीचा विचार याच्या अगदी उलट आहे. तिला टाइमशेअरची पद्धत आवडते आणि तिने फेरविक्रीत जवळजवळ फुकट मिळणारे पॉइंट्स (ठरलेल्या आठवड्याऐवजी क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्यासाठी खर्च करायचे गुण) पाहून ठेवले आहेत. म्हणजे एकाच घरात एकीला विकायचे आहे आणि दुसरीला घ्यायचे आहे. दोन्ही बाजूंचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

ताई, कृपया एक पैसाही भरू नका आणि आईंनाही हे आजच समजावून सांगा.

सहा वर्षांपूर्वी मला अगदी असाच फोन आला होता. आधी नोंदणीखर्च मागितला, तो मी भरला. तीन आठवड्यांनी परदेशी ग्राहकाच्या रकमेवरील कर म्हणून दुसरी मागणी आली, तीही भरली. मग बँकेत अडकलेली रक्कम मोकळी करण्याचे शुल्क मागितले गेले, तेव्हा मी सगळे कागद टेबलावर पसरून पुन्हा वाचायला बसलो. करारपत्रावर कंपनीचे नाव एक होते आणि पैसे पाठवायच्या खात्यावर भलत्याच माणसाचे नाव होते. ते पत्र पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होते. मी त्यावरचा गोल शिक्का पाहिला, खातेदाराचे नाव वाचले नाही. पुढे वर्षभराने एका वकिलाचा फोन आला की तुमचे बुडालेले पैसे मी मिळवून देतो, आणि त्यानेही आधी शुल्कच मागितले. एकदा फसलेल्या माणसाकडे ही मंडळी पुन्हा येतात, हे विसरू नका.

त्यांना आपली सगळी माहिती आहे म्हणून ते खरे असतील, असे आईंना वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु नेमक्या याच गोष्टीबद्दल अमेरिकेच्या अर्थखात्याच्या अखत्यारीतील फिनसेन या यंत्रणेने जुलै २०२४ मध्ये बँकांना सावध करणारी सूचना काढली होती. मेक्सिकोतून चालणाऱ्या टाइमशेअर फसवणुकीत मालकांची माहिती रिसॉर्टमधील फितूर माणसांकडून गुन्हेगारी टोळ्यांपर्यंत पोहोचते, असे त्या सूचनेत म्हटले आहे. २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी नागरिकांनी अशा प्रकारांत जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याचे एफबीआयकडे नोंदले गेले. त्यामुळे आठवड्याचा क्रमांक ठाऊक असणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही. फार तर यादी कोणाच्या तरी हाती लागल्याचा पुरावा आहे.

युरोपीय संघाने २००८ च्या १२२ क्रमांकाच्या निर्देशात याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. फेरविक्रीसाठी मदत करणाऱ्या व्यावसायिकाने प्रत्यक्ष विक्री होण्याआधी ग्राहकाकडून कोणतीही रक्कम, हमी किंवा खात्यात अडकवून ठेवलेला पैसा घेऊ नये, अशी तेथे स्पष्ट मनाई आहे. आपला करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो ते कागदांत पाहून घ्या, पण कायदा कोणताही असो, कसोटी म्हणून हाच नियम धरा: दलालाचे पैसे विक्रीच्या रकमेतून आणि विक्री झाल्यावर. खात्री करायची असेल तर त्यांनी दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या शुल्कपावतीवर छापलेल्या क्रमांकावर रिसॉर्टला फोन करा आणि या घराच्या हस्तांतरणाची चौकशी कोणी केली आहे का, एवढेच विचारा.

आणि सव्वापट किंमत हीच खरी धोक्याची खूण आहे. रिसॉर्ट उभारणाऱ्या विकसकाने मूळ विक्री केली तेव्हा त्या किमतीत विक्रेत्यांचे कमिशन, सादरीकरणे आणि भेटवस्तू यांचा मोठा खर्च मिसळलेला होता. फेरविक्रीच्या ग्राहकाला त्यातले काहीच मिळत नाही, मग तो त्याचे पैसे का देईल? बहुतेक आठवडे मूळ किमतीच्या अगदी लहान अंशाला जातात आणि पुष्कळसे तर फुकट देऊनही कोणी घेत नाही. हे ऐकून वाईट वाटते, मलाही वाटले होते. जाहिरातींतल्या मागितलेल्या किमती पाहून अंदाज बांधू नका. त्याच रिसॉर्टचे, त्याच हंगामाचे व्यवहार प्रत्यक्षात कितीला पार पडले, ते शोधा.

दुसरा प्रतिसाद

मी खरेदीदाराच्या बाजूने लिहिते, कारण माझ्याकडचे दोन्ही टाइमशेअर फेरविक्रीत घेतलेले आहेत आणि मी त्यांच्याबाबत समाधानी आहे. आपल्या बहिणीची आवड चुकीची नाही, पण "जवळजवळ फुकट" या शब्दांपाशी तिने थोडे थांबावे.

फेरविक्रीत खरेदीची किंमत ही सगळ्यांत गौण गोष्ट असते. खरेदीदार जे घेतो तो एक हक्क असतो आणि त्याच्या पाठीला एक देणे घट्ट बांधलेले असते. म्हणून मी नेहमी एकच हिशेब मांडते: वार्षिक शुल्क १०० धरले, तर तेच घर त्याच आठवड्यासाठी दुसऱ्या मालकाकडून भाड्याने घ्यायला किती पडेल? उत्तर १६० किंवा १८० येत असेल तर पुढचे कागद मागवावेत. ९० येत असेल, तर ते घर फुकट मिळाले तरी दरवर्षी १० चा तोटा विकत घेतल्यासारखे आहे. शिवाय छत, वादळ किंवा मोठी दुरुस्ती यांसाठी मालकसंघ जादा वर्गणी काढू शकतो. म्हणून संघाचा ताजा ताळेबंद, राखीव निधी आणि मागील पाच वर्षांतील शुल्कवाढ पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.

माझ्या पहिल्या व्यवहारात मी एक चूक केली. कागद चोख होते, हस्तांतरण रीतसर झाले, मी उत्साहाने खात्यात शिरले आणि उपलब्ध आठवड्यांच्या रकान्यात शून्य. विक्रेत्याने त्या वर्षाचा आणि पुढच्याही वर्षाचा आठवडा अदलाबदलीच्या संस्थेकडे (आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टचा मिळवून देणाऱ्या कंपनीकडे) आधीच जमा केलेला होता, आणि दोन्ही वर्षांचे शुल्क मात्र करारानुसार माझ्या माथी आले. तेव्हापासून कोणत्या वर्षापासूनचा वापर माझा आणि कोणत्या वर्षापासूनचे शुल्क माझे, हे मी करारात एकाच वाक्यात लिहून घेते, आणि रिसॉर्टकडूनही थकबाकी व शिल्लक वापराचे लेखी पत्र मागवते. आठवडा दरवर्षीचा आहे की वर्षाआडचा, हेही त्याच पत्रात स्पष्ट होते.

पॉइंट्स घेताना आणखी काळजी लागते, कारण मूळ मालकाला मिळणाऱ्या सगळ्या सोयी फेरविक्रीच्या खरेदीदाराला मिळतातच असे नाही. डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्नेच्या पॉइंट्सवर चालणाऱ्या टाइमशेअर क्लबचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९ जानेवारी २०१९ पासून जो कोणी जुन्या १४ रिसॉर्टपैकी एखाद्याचा करार फेरविक्रीत घेतो, त्याला त्या पॉइंट्सवर रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये राहता येत नाही; आणि रिव्हिएराचा करार फेरविक्रीत घेतला तर ते पॉइंट्स फक्त रिव्हिएरातच चालतात. तसेच ठरलेल्या किमतीला स्वतःच तो करार परत घेण्याचा पहिला हक्क कंपनीकडे असतो, त्यामुळे विक्रेता आणि ग्राहक यांचे जमले तरी कंपनीचे उत्तर येईपर्यंत व्यवहार पक्का होत नाही. इतर साखळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतही असतात. बहिणीने ज्या क्लबचे पॉइंट्स पाहिले आहेत, त्याचे फेरविक्रीचे नियम विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता क्लबकडून लेखी घ्यावेत.

अदलाबदलीच्या भरवशावर भलत्याच ठिकाणचा स्वस्त आठवडा घेण्याचा मोहही टाळावा. आरसीआय १९७४ पासून आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ पासून हे काम करीत आहेत आणि ती सोय खरोखर उपयोगी आहे, मी तिचा लाभ घेतला आहे. परंतु आपण जमा केलेल्या आठवड्याला जितकी मागणी, तितक्याच तोलाचे ठिकाण समोर येते, आणि सदस्यत्व व अदलाबदल यांचे शुल्क वेगळे पडते. जिथे स्वतःला आनंदाने राहायचे आहे, तिथलाच आठवडा घ्यावा, हे मी फार उशिरा शिकले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी आईने स्वतः चष्मा लावून ते करारपत्र वाचले. खात्यावर खरोखरच एका अनोळखी व्यक्तीचे नाव आहे, आणि तेही दुसऱ्याच देशातील बँकेत. रिसॉर्टला जुन्या पावतीवरील क्रमांकावर विचारले, तर हस्तांतरणाची कोणतीही चौकशी तेथे आलेली नाही. तो विषय आमच्यापुरता संपला आहे आणि बँकेला व पोलिसांनाही कळवले आहे.

आता खऱ्या विक्रीबद्दल विचारते. मूळ कागदावर आई आणि वडील अशी दोघांची नावे आहेत. वडिलांचे नाव आम्ही अजून काढलेले नाही. तसेच ग्राहक मिळालाच नाही, तर पुढे हे देणे आम्हा बहिणींवर येणार का, याची आईला रात्रंदिवस काळजी लागून राहिली आहे.

तिसरा प्रतिसाद

हस्तांतरणाची कागदपत्रे करून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून क्रम सांगतो. सर्वांत आधी वडिलांचे नाव कमी करून घ्या, कारण दोन मालकांपैकी एकाची सही मिळणे शक्य नसेल तर कोणताही व्यवहार तेथेच अडतो, आणि ग्राहक सापडल्यावर हे काम काढले तर तो वाट पाहत थांबत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा कागद लागतो. नेमका कोणता, ते रिसॉर्ट ज्या देशात आहे तेथील कायद्यावर अवलंबून आहे.

त्यानंतर बाजारात जाण्याआधी रिसॉर्टलाच लेखी पत्र पाठवून करार परत घेण्याची त्यांची योजना आहे का, असे विचारा. अनेक कंपन्या आणि मालकसंघ आता अशी सोय देतात, विशेषतः कर्ज फिटलेले असेल आणि थकबाकी नसेल तर. पैसे बहुधा मिळत नाहीत, उलट थोडा कागदोपत्री खर्चही पडू शकतो, पण पुढची सगळी वर्षे मोकळी होतात. मात्र शुल्क भरणे मध्येच थांबवू नका. "भरणे बंद करा, आम्ही करार रद्द करून देतो" असे सांगून भलीमोठी रक्कम घेणारेही आहेत. थकबाकी झाली की परत घेण्याच्या योजनेचे दारच बंद होते आणि वसुलीचा ससेमिरा मालकाच्या मागे लागतो.

वारसांबाबत आईंना धीर द्या. कायमस्वरूपी करार वारसांकडे जाऊ शकतो हे खरे, परंतु बहुतेक देशांत वारसाला नको असलेला वारसा नाकारता येतो. त्याला मुदत असते, आणि मधल्या काळात वारसाने त्या आठवड्याचा वापर केला किंवा शुल्क स्वतःच्या नावाने भरले, तर तो स्वीकार समजला जाऊ शकतो. वडिलांच्या हिश्श्याच्या बाबतीत आपण काय काय भरले आहे, हे तेथील वकिलाला एकदा दाखवा. या कामाला एक भेट पुरते.

विकायचाच झाल्यास २९ वा आठवडा युरोप-अमेरिकेत समुद्रकाठी उन्हाळ्याच्या ऐन हंगामात येतो, ही आपली जमेची बाजू आहे. किंमत कमी ठेवा, चालू वर्षाचे शुल्क स्वतः भरून वापर ग्राहकाला द्या, हस्तांतरणाचा खर्च आपण उचलाल असे लिहा, आणि ग्राहकाची रक्कम तटस्थ एस्क्रो खात्यात (व्यवहार पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाने सांभाळलेल्या खात्यात) राहील अशी अट घाला. खऱ्या ग्राहकाला त्या अटीने बरेच वाटते. व्यवहारानंतर रिसॉर्टच्या वहीत नवे नाव चढल्याचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय काम झाले असे मानू नका. पुढचे बिल पुन्हा आईंच्याच नावाने आल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत.

जाहिरातीत नुसता "२९ वा आठवडा" असेही लिहू नका. प्रवेशाचा वार शुक्रवार आहे, शनिवार आहे की रविवार, यावर त्याच क्रमांकाच्या तारखा पुढे-मागे होतात, आणि ज्या वर्षी ५३ वा आठवडा येतो त्यानंतर त्या आणखी सरकतात. रिसॉर्टच्या दिनदर्शिकेतून पुढील तीन वर्षांच्या नेमक्या तारखा काढून त्या जाहिरातीत द्या. शाळांच्या सुट्ट्या जुळवून पाहणारे कुटुंब आधी तेच पाहते.