अनुभव धागा : दक्षिणेतील खेड्यांतला औषधी पाल्याचा स्वयंपाक

गुणधर्मांच्या याद्या कोठेही मिळतात. आपण स्वतः खुडलेला, वाटलेला आणि शिजवलेला पाला येथे हवा आहे. तो पानात पडेपर्यंत काय काय केले आणि कुठे फसगत झाली, हे कृपया सविस्तर लिहावे.

तंजावर जिल्हा
आमचे घराणे एकोजीराजांच्या काळापासून इकडचे असल्यामुळे घरात मराठी बोलली जात असली, तरी चुलीवर मात्र तमिळ पदार्थच अधिक शिजतात. पिरंडई, म्हणजे आपली हाडसांधी, ही चौधारी पेऱ्यांची वेल परसात कुंपणावर चढलेली असते. सासूबाई शेंड्याकडची दोन-तीन कोवळी पेरीच मोडत, हातांना तिळाचे तेल चोळत आणि घेवड्याच्या शिरा काढाव्यात तशा चारही धारा ओढून काढत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तेल न लावताच निवडायला बसले आणि कोपरापर्यंत खाजवत राहिले. हे कमी होते म्हणून की काय, तुकडे घाईने परतून तोगयल, म्हणजे घट्ट चटणी, वाटले. पहिल्याच घासाला सर्वांचे घसे खवखवू लागले. या वेलीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे पुढे वाचनात आले; सासूबाईंचे म्हणणे एवढेच होते की हिरवा रंग जाऊन तुकडे तपकिरी व्हायला हवेत आणि चिंचेत हात आखडता घेऊ नये. उडदाची डाळ, सुकी मिरची, हिंग आणि थोडे ओले खोबरे घालून पाट्यावर वाटलेले हे तोगयल गरम भात आणि तिळाच्या तेलाबरोबर आम्ही आजही खातो. श्राद्धाच्या स्वयंपाकातही पिरंडईला मोठा मान आहे : कारले शंभर भाज्यांच्या बरोबरीचे, वज्रवल्ली म्हणजे हीच वेल तीनशेंच्या आणि फणस सहाशेंच्या, असा श्लोकच आहे.

मलनाड (कर्नाटकातला डोंगराळ पट्टा)
नोकरीनिमित्त तीर्थहळ्ळीला असताना शेजारच्या अज्जी बांधावरून ओंदेलग, म्हणजे मंडूकपर्णी, मुळासकट उपटून आणीत. जिरे-मिरी तुपात परतायची, खोबऱ्याबरोबर पाला वाटायचा, ताक घालायचे, वरून फोडणी द्यायची, झाली तंबुळी. ही उकळायची नसते. मी ती एकदा कढीसारखी उकळली आणि ताक फाटले.

तुळुनाडू (कर्नाटकाच्या दक्षिण किनाऱ्याकडचा तुळू भाषकांचा मुलूख)
आषाढ-श्रावणात येणाऱ्या आटी अमावास्येला आमच्या आजोळी पहाटे रिकाम्या पोटी सातविणीच्या सालीचा रस घेतात. साल दगडाने ठेचूनच काढायची, लोखंड लावायचे नाही, असा दंडक आहे. लसूण, मिरी आणि ओवा वाटून घालतात आणि तापवून लाल केलेला पांढरा गारगोटा रसात सोडतात. तो चर्रकन वाजला की लहान मुले मागे सरकतात. कडूपणाविषयी न लिहिणेच बरे. त्यानंतर मेथ्यांची गोडसर पेज मिळते आणि तिच्याच आशेवर आम्ही रांगेत उभे असायचो. गोवा-सिंधुदुर्गाकडच्या वाचकांना नरकचतुर्दशीचा सातविणीचा रस आठवेल. मामा आदल्या दिवशी उजेडात झाड पाहून खूण करून येत, कारण अंधारात भलत्याच झाडाची साल काढल्याने जीवावर बेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. माहितगार माणूस सोबत नसेल, तर हा प्रयोग कोणीही करू नये.

कोडगू (कूर्ग)
इकडच्या पंचांगातल्या कक्कड महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, येथे मद्दु तोप्पू या औषधी झुडपाचा पाला उकळून त्याच्या गर्द जांभळ्या पाण्यात तांदूळ, गूळ आणि नारळाचे दूध घालून पायस करतात. मी दोन वाट्या खाल्ले. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झालेली पाहून मी डॉक्टरांकडे धावण्याच्या बेतात होतो. घरमालकीणबाई हसून म्हणाल्या, की आज गावात सगळ्यांचे हेच आहे.

पुणे
तंजावरच्या ताईंना एक विचारायचे आहे. माझ्या कुंडीतली पिरंडई फोफावली आहे, पण बरीचशी पेरी जून आहेत. त्यांचे काय करावे?

तंजावर जिल्हा
जून पेरी तोगयलात घालू नका, धागे दातांत अडकतात. आमच्याकडे ती ठेचून त्यांचा रस गाळून घेतात आणि उडदाच्या अप्पळमाचे पीठ त्यात भिजवतात, त्याने पापड छान फुलतो. ठेचतानाही हातांना तेल लावायला मात्र विसरू नये.