डीप बाईटची प्लेट : बाईट प्लेनची उंची व लांबी कशी ठरवावी?

प्रश्न (लॅब तंत्रज्ञ, नौपाडा, ठाणे)
नमस्कार. डीप बाईटसाठी (वरचे पुढचे दात खालच्या दातांना प्रमाणाबाहेर झाकतात तो दोष) वरच्या जबड्याची काढता-घालता येणारी प्लेट करण्याची कामे आमच्याकडे नियमित येतात. मात्र सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचे वय आणि ‘बाईट प्लेन’ (प्लेटचा पुढच्या दातांमागचा जाड भाग, ज्यावर खालचे पुढचे दात टेकतात) याखेरीज काहीच नसते. ॲडम्स क्लास्प (दाढेला धरणारी तारेची पकड) आणि लेबियल बो (पुढच्या दातांवरून जाणारी तार) ०.७ मिमी तारेत करतो, त्याविषयी शंका नाही. पुढच्या दातांमागचे ॲक्रिलिक किती उंच आणि मागे कुठवर घ्यावे, हे कृपया सांगावे.

उत्तर (ऑर्थोडॉन्टिस्ट, वाशी)
खालचे पुढचे दात बाईट प्लेनवर टेकल्यावर वरच्या-खालच्या दाढांमध्ये साधारण २ मिमी फट राहावी. याच फटीमुळे वाढत्या वयात दाढा हिरडीतून आणखी बाहेर येतात आणि बाईट उघडतो. म्हणून प्लेट जेवतानाही तोंडात हवी. उंची जास्त झाली, तर मूल ती जेवायच्या वेळी हमखास काढून ठेवते आणि सगळेच मुसळ केरात जाते. लांबीसाठी ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत, ते आडवे अंतर) मोजून त्यात सुमारे ३ मिमी मिळवा, नाहीतर जबडा मागे घेतल्यावर खालचे दात प्लेनच्या मागे उतरतात. पृष्ठभाग सपाट ठेवा. उतार दिल्यास खालचे दात पुढे ढकलले जातात.

उत्तर (लॅब तंत्रज्ञ, कळवा)
डॉक्टरांच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की, दोन्ही जबड्यांची मॉडेल आणि वॅक्स बाईट (दात मिटून घेतलेला मेणातला ठसा) आल्याशिवाय काम हाती घेऊ नये. जाड भागात पावडर-लिक्विड थोडे थोडे घालावे, एकदम ओतल्यास बुडबुडे राहतात. पॉलिशपूर्वी आर्टिक्युलेटरवर (मॉडेल बसवून जबड्यांची उघडझाप पाहण्याचे उपकरण) निळा कागद लावून पाहावे : खालच्या चारही पटाशीच्या दातांचे ठिपके उमटले पाहिजेत. एकच ठिपका उमटला, तर सगळा भार त्या एका दातावर पडतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रौढ रुग्णांसाठीही हेच माप चालेल का?

उत्तर (ऑर्थोडॉन्टिस्ट, वाशी)
प्रौढांत दाढा फारशा बाहेर येत नाहीत, त्यामुळे तिथे नुसत्या प्लेटवर विसंबता येत नाही. लांबट चेहऱ्याच्या मुलांतही ती टाळतो, कारण दाढा वाढल्या की खालचा जबडा खाली-मागे फिरून चेहरा आणखी लांबतो. हा निर्णय सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. तुम्ही चिठ्ठीवर ओव्हरजेट आणि दाढांमधली फट, हे दोन आकडे मात्र आग्रहाने मागून घ्या.