जुन्या वाड्यात नवं इंटिरिअर: सल्ला हवा (वाई)

वाईकरीण: नमस्कार मंडळी. आमच्या दुमजली वाड्याची मोठी दुरुस्ती झाली. कुजलेल्या तुळया बदलल्या, कौलं उतरवून परत बसवली. आता आतलं काम काढायचंय. ठेकेदार म्हणतो, पीओपीचं फॉल्स सीलिंग, भिंतींना सिमेंट गिलावा, खाली व्हिट्रिफाइड फरशी, 'एकदम फ्लॅटसारखं करून देतो'. आम्हाला फ्लॅट नकोय, पण सासूबाईंना उभ्याचा ओटा आणि कमोड हवाच आहे, आणि दिरांना माडीवर एसी. काय करावं?

कडीपाट: फॉल्स सीलिंगला आधी नाही म्हणा. कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) झाकला की वरून गळतंय का, वाळवी लागलीय का, काही कळत नाही. सिमेंटचंही तेच. तुमच्या भिंती चुन्या-मातीतल्या असणार. त्या ओल शोषतात आणि सोडतात. वर सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत अडकते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. चुन्याचाच गिलावा करा, वर चुन्याची सफेदी. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधा, वेळ लागला तरी चालेल.

माझा नियम एकच: नवीन जे येईल ते भिंतीला न चिकटता उभं राहावं, उद्या उचलता यावं.

रेवती_ठाणे: +१. स्वयंपाकघर त्याच नियमाने करा, ताई. जुन्या भिंती काटकोनात नसतात, भिंतीला घट्ट बसवलेल्या ट्रॉल्यांच्या मागे फटी राहतात आणि झुरळांची सोय होते. पायांवर उभं राहणारं युनिट घ्या, मागे हात जाईल एवढी जागा ठेवा. भिंतीतलं फडताळ मसाल्याच्या डब्यांना आयतंच आहे. चिमणीचा पाइप जुन्या झरोक्यातून काढता येतो का ते आधी बघा.

अण्णा_कराड: वाडा म्हणजे संग्रहालय नव्हे हो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला 'वारसा' सांगू नका. मोरीच्या जागी बाथरूम करा, टाइल्स बिनधास्त लावा. फक्त माडीवर नको! कडीपाटावर भराव, फरशी आणि रोजचं पाणी म्हणजे खालच्या तुळया कुजल्याच म्हणून समजा. माडीवर हवंच असेल तर परसाकडच्या बाजूला लोखंडी सांगाड्यावर वेगळं उभारा, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कडीपाट: अण्णांशी सहमत. वायरिंगसाठी भिंती खोदू देऊ नका. वरून पाइप न्या, काळे किंवा पितळी, दिसले तर दिसू देत. दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. भिंतीच्या माथ्यावरून प्रकाश वर कडीपाटावर सोडा. प्रत्येक देवळीत एलईडी पट्टी मात्र नको, लग्नाचा हॉल होतो.

सायली_ऑकलंड: आणि नवं कोरीव 'पेशवाई' फर्निचर तर अजिबात नको! खऱ्या खांबांशेजारी ते नाटकाच्या सेटसारखं दिसतं. साधा सरळ रेषांचा सोफा ठेवा, खांबांचं कोरीवकाम आपोआप पुढे येतं. खांबांवर ऑइलपेंट आहे का?

वाईकरीण: आहे, हिरवा! ठेकेदार सॅंडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून रंग काढणं) म्हणतोय.

कडीपाट: नको नको, कोरीवकामाच्या कडा जातील. पेंट रिमूव्हर, लाकडी पट्टी, मऊ ब्रश आणि धीर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासून धूळ उडवू नका, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

वाईकरीण: हे ठेकेदाराला वाचून दाखवते. एसीचं राहिलं की!

अण्णा_कराड: खाली लागणारच नाही, जाड भिंती आहेत आणि चौकातून हवा खेळते. माडीवर कौलांखाली आधी उष्णतारोधक थर घाला, एक उन्हाळा काढा, मग दिरांना विचारा.