व्हेनिसला रोजचा कार्यक्रम ठरवून जाऊ नका

पाणंद
व्हेनिस दीड दिवसात 'होतं' असं निघण्याआधी मला चार जणांनी सांगितलं. सान मार्कोचा चौक, दोजेंचा म्हणजे इथल्या जुन्या शासकांचा राजवाडा, रिआल्तोचा पूल, गोंडोला, दुपारी मुरानो बेटावर काचकाम, संध्याकाळची गाडी. आम्ही दोघं मागच्या ऑक्टोबरात पाच दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवसापासून यादी पिशवीतून काढलीच नाही. माझं ठाम मत आहे, रोम-पॅरिसला खुशाल आराखडा करून जा, व्हेनिसला नको.

कारण शहराच्या बांधणीतच आहे. जुन्या शहरात मोटार नाही, सायकलही नाही, त्यामुळे मान वर करून चालता येतं. मुख्य बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-साडेचार किलोमीटर. वाट चुकलात तर फार तर पाण्याशी जाऊन थांबाल. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नाहीत. शहराचे सहा भाग आहेत आणि एकेका भागात नंबर सलग चालत राहतात, कास्तेल्लोत तर ते ६०००च्या पुढे जातात. पत्ता हातात असूनही घर सापडत नाही अशा शहरात मिनिटांचा हिशेब मांडून काय उपयोग?

न ठरवता काय मिळालं ते सांगते. सान त्रोव्हासोला कालव्यापलीकडे गोंडोला बांधायचा कारखाना दिसला. तिथं उभं राहून कळलं की गोंडोला मुद्दाम वाकडी बांधतात. नावाडी एकाच बाजूला एकच वल्हं मारतो, म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद ठेवतात, नाहीतर ती गोल फिरत राहील. पुढे कांपो सांता मार्गेरिता या चौकात एका जुन्या इमारतीवर दगडी पाटी होती. माशांची नावं आणि प्रत्येकासमोर सेंटिमीटर, त्याहून लहान मासा विकायला बंदी. मी रत्नागिरीची. बारक्या आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या, जाळ्यांवरून बंदरावर होणारी भांडणं लहानपणापासून ऐकलेली. आपल्याकडे ५४ जातींच्या माशांसाठी अशी किमान लांबी सरकारनं २०२३ मध्ये ठरवली. त्या पाटीसमोर मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. ही पाटी कोणत्या सहलीच्या कार्यक्रमात असते?

नाशिकचा_आबा
पाणंदताई, माशांच्या पाटीचं वाचून छान वाटलं. मत मात्र पटलं नाही.

मी आई-वडिलांना घेऊन गेलो होतो. वडील ७१ वर्षांचे, आईचे दोन्ही गुडघे दुखरे. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. तुम्ही वाट चुकलात तर तुम्हाला पाटी दिसते. माझी आई वाट चुकली तर तोच पूल तिला दोनदा चढावा लागतो. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच, मधे कुठे उभे असाल तर लांबचा वळसा. म्हणून मी घरी दोन रविवार नकाशा घेऊन बसलो. कोणत्या धक्क्यावर उतरलं की पूल लागत नाही, कुठे बसायला मिळेल, सगळं लिहून काढलं. पाण्यावरच्या बसचं एक तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालतं. चोवीस तासांचा पास २५ युरोला. तिघांचे पास काढल्यावर ते चोवीस तास कुठे घालवायचे हे ठरवावंच लागतं. एक नंबरच्या बोटीतून आईनं सगळा ग्रँड कॅनॉल बसून पाहिला, दोन्ही काठांचे वाडे पाहिले. यादी नसती तर ती हॉटेलात बसली असती.

आयुष्यात एकदाच जाणाऱ्या माणसाला 'ठरवू नका' सांगू नये. आमच्याकडे दुसरी खेप नाही.

रिमझिम७
व्हिसाच्या अर्जाला हॉटेलांचं बुकिंग, ३०,००० युरोचा विमा आणि परतीचं तिकीट लागतं, बरेचदा रोजचा कार्यक्रमही. न ठरवता जाणं आपल्या पासपोर्टवर मुळात कितपत शक्य आहे?

पादोव्हावासी
मी रेल्वेनं अर्ध्या तासावर राहतो, वर्षातून दहा-बारा वेळा जाणं होतं. पाणंद, तुम्ही न ठरवता फिरू शकलात कारण तुम्ही तिथं मुक्कामाला होतात. एका दिवसासाठी येणाऱ्यांना २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क आहे, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते. आधी नोंद केली तर ५ युरो, ऐन वेळी आलात तर १०. मुक्कामाला असणाऱ्यांना शुल्क माफ, पण माफीची नोंद करावी लागते.

दुसरं, भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या. 'रिआल्तोकडे', 'सान मार्कोकडे'. नवखा माणूस काही न ठरवता निघाला की नकळत त्यांच्या मागे जातो, आणि त्या सगळ्यांना एकाच गर्दीच्या वाटेवर नेतात. त्या गर्दीतूनच कुणी आजी भाजीची ढकलगाडी पुलावर ओढत असते. १९५१ मध्ये या जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहत, आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. भटका जरूर, पण उजवीकडून चाला आणि पुलाच्या मधोमध फोटोला थांबू नका. याचा मला मनापासून राग येतो.

रेघ
ताई, एकच विचारते. पाच दिवसांत सान रोक्कोचं सभागृह पाहिलंत का? चित्रकार तिंतोरेत्तोनं १५६४ ते १५८८ तिथं काम केलं. छत, भिंती, दोन्ही मजले. एका माणसाची चोवीस वर्षं एका इमारतीत आहेत. चालता चालता दिसेल म्हणून अशा गोष्टी सोडायच्या नसतात. दोजेंच्या राजवाड्यातल्या गुप्त खोल्याही आधी बुकिंग केल्याशिवाय दिसत नाहीत.

पाणंद
रेघ, नाही पाहिलं. कान्नारेज्यो भागात भटकताना मादोन्ना देल्लोर्तो हे चर्च लागलं, आत तिंतोरेत्तोची समाधी आणि त्याचीच प्रचंड चित्रं. त्यांच्यासमोर तासभर बसले आणि वाटलं, तिंतोरेत्तो भेटला. सान रोक्को राहून गेलं हे परतल्यावर समजलं आणि ते अजून सलतं.

आबा, तुमच्या आईंचा विचार मी केला नव्हता. पायऱ्यांचं तुमचं म्हणणं मान्य. पण दोन रविवार बसून तुम्ही जे शोधलंत ते 'पाहायच्या गोष्टी' नव्हतं, वाटा होत्या. माझा विरोध त्याला नाही. साडेदहाला राजवाडा, पावणेबाराला घंटाघर, या बांधलेल्या दिवसाला आहे. असे लोक मी चौकातल्या दगडी विहिरीला टेकून फोनवर पुढची वेळ बघताना पाहिले. १८८४ मध्ये नळाचं पाणी येईपर्यंत सगळं शहर अशाच विहिरींवर जगलं. चौकात पडणारा पाऊस खालच्या वाळूतून गाळून साठवत. टेकलेल्यांपैकी कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

नाशिकचा_आबा
ताई, वाट शोधणं आणि वेळ बांधणं वेगळं, कबूल. पण वडिलांना राजवाडा पाहायचाच होता आणि त्या तिकिटाला वेळ होती. ती वेळ पाळली नसती तर त्यांची शाळेपासूनची इच्छा राहिली असती. बांधलेला दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस, हे मी मानणार नाही.

आईला पुन्हा जायचं आहे. 'या वेळी नुसतं बसायचं' म्हणते. पादोव्हावाले, पूल न चढता भटकता येईल अशी जागा आहे का?

पादोव्हावासी
आहे. एक नंबरच्या बोटीनं जार्दिनी धक्क्यावर उतरा. समोरच झाडांची सपाट वाट आहे, बसायला बाकं आहेत. ती व्हिया गारिबाल्दीला मिळते. तो कालवा बुजवून केलेला रुंद रस्ता, त्यामुळे पायरी नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, खाण्याच्या जागा, शाळेतून येणारी पोरं. सकाळी न्या. रस्ता संपतो तिथं पुन्हा पाणी सुरू होतं आणि काठाला भाजीची होडी लागलेली असते. आईंना सांगा, काठावरूनच घ्यायची, होडीत उतरावं लागत नाही.