बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर: मागचा पाटा तुटलाय, जादा पाटा टाकू की पूर्ण सेट नवा?

ओतूरचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची बोलेरो कॅम्पर, डीआय इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह. ओतूरच्या वर डोंगराच्या कडेला शेत आहे, पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर लो गिअरमध्ये टाकल्याशिवाय गाडी निघतच नाही, म्हणून तर एवढी वर्षं हीच गाडी सांभाळलीय. सीझनला टोमॅटो नारायणगावला जातो, ३० ते ४० कॅरेट, कॅरेट २० किलोचं धरा वरून कॅरेटचं स्वतःचं वजन वेगळं. बाकी सात-आठ महिने खत, पेंड, घरची माणसं, बऱ्याचदा रिकामीच.

मागच्या आठवड्यात उजव्या बाजूच्या मागच्या स्प्रिंगचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पाट्यांच्या जुडीतला, मेन (सगळ्यात वरचा लांब) पाटा तुटला, बरोब्बर मधे सेंटर बोल्टच्या भोकातून. त्याआधीपासूनच गाडी उजवीकडे बसल्यासारखी दिसायची. आता तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्यात. एक म्हणतो फक्त मेन पाटा नवा टाका आणि बाकीचे ठोकून कमान काढून देतो. दुसरा म्हणतो दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा जादा टाका, परत बघायला नको. तिसरा म्हणतो मोठ्या पिकअपचे जुने पाटे भंगारातून आणून देतो, निम्म्या पैशात काम. पैसे टाकायला हरकत नाही पण एकदाच टाकायचेत. काय करू?

माळशेज_घाट

भंगारातले नका घेऊ भाऊ. ते पाटे किती वजनाखाली किती वर्षं वाकलेत ते कोणालाच माहीत नसतं, बारीक तडा गंजाखाली दिसत नाही. आणि मोठ्या गाडीच्या पाट्याची लांबी किंवा सेंटर बोल्टची जागा थोडी जरी वेगळी असली तरी हाउसिंग (मागचा अ‍ॅक्सल) पुढेमागे सरकतं, मग शाफ्टला आवाज सुरू. माझ्या मामांच्या गाडीला हेच झालेलं, पाट्यात वाचवले तेवढे पैसे शाफ्टचा क्रॉस (जोड) बदलण्यात गेले.

पाटेवाला_संगमनेर

वडिलांपासून आमचं पाट्यांचंच काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाटा तुटला कशाने ते बघा, नाहीतर नवा पण तिथेच तुटेल. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेला पाटा आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, यू बोल्ट कधी टाइट केले होते? यू बोल्ट घट्ट असले की पाट्याचा मधला भाग हाउसिंगवर आवळून धरलेला असतो, तो वाकत नाही, वाकतो तो त्याच्या पुढचा-मागचा भाग. बोल्ट ढिले पडले की वाकण मधे येतं आणि मधे तर भोक पाडलेलं, म्हणजे पट्टीची सगळ्यात कमजोर जागा. तुटलेल्या तोंडाकडे बघा, काही भाग काळा-तांबूस गंजलेला आणि काही भाग चकचकीत असेल तर तडा आधीपासून होता, शेवटचा तुकडा फक्त परवा तुटला.

आता ठोकून कमान काढायचं. गार ठोकून कमान येते, नाही असं नाही, पण जे स्टील थकलंय ते थकलेलंच राहतं, थोड्या महिन्यांत परत बसतं. आणि कोणी गॅसने लाल करून वाकवायला लागला तर गाडी तिथून काढून आणा, पाट्याचं पाणी उतरतं, मग तो स्प्रिंग राहत नाही, नुसती पट्टी राहते. वेल्डिंगचं तर नावच नको.

जाड पाट्याबद्दल बोलतो कारण तिथेच सगळे फसतात. पाट्याचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ६ मिलीमीटरच्या जागी ७ चा टाकला तर दिसायला एकच मिलीमीटर, पण तो पाटा दीडपटीपेक्षा जास्त कडक. जाडी दुप्पट तर आठपट. म्हणून "एक जाड पाटा टाकू" हे वाटतं तेवढं साधं नाही. तुमची गाडी वर्षाचे सात-आठ महिने रिकामी पळते म्हणता, तर ती तेवढे महिने दगडासारखी उड्या मारणार. त्यात तुमची फोर बाय फोर. चिखलाच्या चाकोरीत एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असताना पाटा वाकला पाहिजे, तर दोन्ही चाकं जमिनीला धरून राहतात. पाटा वाकलाच नाही तर एक चाक हवेत, आणि साधं डिफ्रन्शल (दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअर) असेल तर सगळा जोर त्या हवेतल्या चाकातच फिरतो. लो गिअर टाकून पण गाडी जागेवर. म्हणजे टोमॅटोसाठी जो पाटा टाकला त्यानेच शेतात जायचा रस्ता बंद केला.

माझं मत, कंपनीच्या मापाचा पूर्ण सेट, दोन्ही बाजूंना. एकच बाजू बदलली तर गाडी तिरकी राहणार. पण त्याआधी भुईकाट्यावर जाऊन फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, एकदा रिकामी, एकदा तुम्ही नेहमी भरता तेवढी भरून. आकडा इथे टाका मग बोलू.

राजूरची_दूधगाडी

मी अकोले तालुक्याच्या वरच्या भागात दूध गोळा करते, माझी साधी पिकअप आहे फोर बाय फोर नाही, पण जादा पाट्याचा अनुभव आहे म्हणून सांगते. एका गॅरेजवाल्याने दोन-दोन पाटे जादा टाकून दिले, मागून गाडी चांगली हातभर उचलली गेली आणि मला बरं वाटलं की आता बसणार नाही. मग घाट उतरताना ब्रेक वेगळाच लागायला लागला, पुढची चाकं लवकर धरायची आणि मागचा ब्रेक जणू नाहीच. महिनाभर लायनर, सिलिंडर सगळं बघितलं. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने दाखवलं, मागे हाउसिंग आणि चासीच्या मधे एक दांडी असते तिला ब्रेकचा व्हॉल्व जोडलेला असतो. मागून गाडी किती दबलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकला प्रेशर सोडतो. माझी गाडी वर उचलल्यामुळे त्याला वाटायचं गाडी रिकामीच आहे, म्हणून पूर्ण भरलेली असताना पण मागे कमी प्रेशर. कॅन भरून उतरत होते मी तेव्हा, आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. दादा, तुमच्या गाडीला तो व्हॉल्व असेल तर पाटे बदलल्यावर त्याची सेटिंग नक्की बघून घ्या.

आणि पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडला आता दंड २० हजार आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार.

पर्थकर

ऑस्ट्रेलियातून लिहितोय, मूळचा नाशिकचा. माझ्याकडे ९४ ची हायलक्स आहे, चारी चाकांना पाटे. इकडे लोक कच्च्या रस्त्यावर सामान भरून हजारो किलोमीटर जातात आणि ओल्ड मॅन इमूसारख्या ब्रँडचे पाटे घेताना पहिला प्रश्न हाच असतो की गाडीवर कायम किती वजन असतं. कधीतरी नाही, कायम. त्याप्रमाणे हलका, मध्यम, जड असे वेगळे सेट. मी सुरुवातीला जड सेट घेतला होता कारण वर्षातून दोनदा कॅम्पिंगला जायचो, बाकी वर्षभर पाठ दुखायची, शेवटी मध्यम घातला. तेव्हा संगमनेरच्या दादांचं काट्यावर जायचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

एक अजून, शॉकअप पण जुने असतील तर सोबतच बदला. नवे पाटे जुन्या शॉकअपवर टाकले तर गाडी डुलत राहते आणि वाटतं पाटेच खराब आले.

ओतूरचा_शेतकरी

सगळ्यांचे आभार. आज खाली झोपून नीट बघितलं. उजव्या बाजूचे दोन यू बोल्ट पान्याला अर्धा आटा सहज फिरले, आणि तुटलेलं तोंड तुम्ही म्हणता तसंच, निम्म्याहून जास्त काळं. म्हणजे कधीपासून तडा घेऊन मी पोरांना शाळेत सोडत होतो.

काट्यावर जाऊन आलो, तात्पुरता मेन पाटा बसवून. फक्त मागची चाकं: रिकामी ७६० किलो, ३० कॅरेट भरून १३८०. ४० कॅरेट यावेळी भरले नाहीत.

पाटेवाला_संगमनेर

३० कॅरेटला मागे ६२० किलोच वाढतायत, मग विषय संपला, कंपनीच्या मापाचा सेट घ्या, जादा काही नको. आणि ४० कॅरेटच्या ऐवजी त्या दिवशी दोन खेपा करा, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीत दहा टाका.

घेताना जुना पाटा सोबत न्या. दोन्ही टोकांच्या बुशच्या भोकांमधलं अंतर, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, एकूण पाटे किती, आणि सेंटर बोल्टपासून पुढचं टोक किती, मागचं किती, हे सगळं जुळलं पाहिजे. पुढचं-मागचं माप वेगळं असेल तर बसवताना उलटा बसवू नका, चाक लगेच मडगार्डमधे पुढेमागे दिसेल.

यू बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश सगळं नवीन. यू बोल्ट एकदा ताणले की तेच परत वापरायचे नाहीत, शेदोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही. रबरचे बुश असतील तर शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट जॅकवर असताना शेवटचे टाइट करू नका. गाडी चाकांवर उभी करा, पाटा वजनाखाली बसू द्या, मग टाइट करा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हाउसिंगवर जिथे सेंटर बोल्टचं डोकं बसतं तो खड्डा साफ करून घ्या, माती राहिली तर पाटा सपाट बसत नाही. आणि चासीवरच्या ब्रॅकेटला तडा आहे का ते वायर ब्रशने घासून बघा, पंधरा वर्षं चिखलात गेलेल्या गाडीला असू शकतो.

५०० किलोमीटरवर यू बोल्ट परत टाइट. हे लिहून ठेवा.

ओतूरचा_शेतकरी

पूर्ण सेट घेतला, दोन्ही बाजूंचा, शॉकअप पण. बसवताना स्वतः उभा राहिलो. ब्रॅकेट ठीक निघालं. ताई, व्हॉल्वची दांडी होती आणि एका बाजूला गंजून अडकलेली होती, तुम्ही सांगितलं नसतं तर कोणी बघितलंही नसतं, ती मोकळी करून सेट करून घेतली.

काल पावसात वर जाऊन आलो. ओढ्याच्या अलीकडच्या त्या चाकोरीत मागचं उजवं चाक पूर्वी फिरत राहायचं, यावेळी धरून राहिलं. भिंतीवर खडूने किलोमीटर लिहून ठेवलेत, अजून ४६० बाकी आहेत यू बोल्टला.